विषय क्रमांक नऊ

४ जून
नगरसेवक झाल्यावर पहिल्या सभेत मी मुद्दामच बोललो नाही. आधी माणसं जोखायची, मग तोंड उघडायचं. आज दुसऱ्या सभेचा अजेंडा आला. विषय नऊ: नगरपरिषदेच्या दारातल्या टपऱ्या हटवून सदस्यांसाठी पार्किंग. त्यात पहिलीच टपरी हिची, शिवणकामाची. बायकोचा चेहरा उतरला. मी म्हटलं, अगं, नवरा सभागृहात बसतो ना? मग काळजी कसली? ही म्हणाली, बसता हो. बोलता का?
टोमणा होता. सोडून दिला.

६ जून
भाषण लिहायला घेतलं. ‘अध्यक्ष महोदय’ एवढं झकास जमलंय. बाकी उद्या.

७ जून
पाहुणे. भाषण राहिलं.

९ जून, सकाळी
औषधवाला नगरसेवक भेटला. तो टपऱ्यांच्या बाजूचा. म्हणाला, मतं मोजलीत, काठावर आहे, पण विषय पडतोय. तुम्ही नुसते गप्प बसा, बोलूबिलू नका. माझ्या वक्तृत्वावर जळतो, दुसरं काय!

१० जून
भाषण तयार! हिने शर्टाला बटणं लावता लावता ऐकलं. म्हणाली, छान आहे, पण बोलू देतील तेव्हा ना. मागच्या वेळी नुसती चुळबुळ केलीत म्हणे.
म्हणजे कोणीतरी चहाड्या करतंय. ते असो. ठरलं: विषय पुकारला की हात वर. बोलायला मिळेपर्यंत खाली घ्यायचा नाही. काय वाट्टेल ते होवो.

११ जून, सभेनंतर
पहिले आठ विषय ‘मंजूर, मंजूर’ करत चहा यायच्या आत उरकले. मी भाषणावर शेवटची नजर फिरवत होतो. महोदयांच्या आधी ‘सन्माननीय’ घालावं का, हा प्रश्न होता. तेवढ्यात कानावर आलं, विषय नऊ, आणि पुढे काहीतरी. झटकन हात वर. चांगला ताठ. अध्यक्ष माझ्याकडे बघून हसले. हेडक्लार्कने लिहून घेतलं. औषधवाला खालून माझा शर्ट ओढत होता. मी ढिम्म हललो नाही. जळकुटा कुठला!
मग उठून सुरुवात केली, सन्माननीय अध्यक्ष महोदय... ते म्हणाले, बसा हो, एका मताने मंजूर झाला की. म्हटलं, अहो, माझा विरोध आहे! मला बोलायचं होतं! ते म्हणाले, मग ‘बाजूने कोण’ विचारल्यावर हात कशाला वर केलात?
सगळे हसले. चहा आला. प्यायलो.

१२ जून
हिला अजून सांगितलं नाही. वेळ बघून सांगावं. शिवाय ठराव नुसता कागदावर आहे. आमच्याकडे कागदावरचं काम इतक्यात होत नाही. वर्ष-दोन वर्षं बघायलाच नको.

१३ जून
हिला सगळं ठाऊक होतं. औषधवाल्याच्या बायकोकडून कळलं म्हणे. जेवायला वाढलं आणि टपरीवर निघून गेली.

१६ जून
टपऱ्या पाडायला माणसं आली. मी पुढे झालो, म्हटलं, ओळखता का मला? मुकादम म्हणाला, ओळखतो ना साहेब, तुमच्याच मताने तर झालंय.
त्याला चांगलं सुनावणार होतो. तोवर तो पुढे गेला.
हिने मशीन, कापडं, कात्र्या एकटीने हातगाडीवर चढवल्या. टपरी तिने माझ्याशी लग्न व्हायच्या आधी, स्वतःच्या जिवावर उभी केली होती. मला भडभडून आलं. जवळ जाऊन विचारलं, मी काही करू का?
ती टपरीच्या दारावरच्या पाटीकडे बघत होती. म्हणाली, हात वर करायला जमतं ना तुम्हाला? तेवढी पाटी उतरवा.
उतरवली.