मलकापूरच्या पंपापर्यंत

तळेवाडी, ता. रत्नागिरी
१६ नोव्हेंबर २००३

प्रिय दादास,
दीपालीचा नमस्कार. आम्ही इकडे आहोत. तू बरा असशील, जेवणाची आबाळ करत नसशील असं धरून चालते.

भात झोडून झालं. पेंढा अजून अंगणातच आहे, गंगारामकाका येऊन रचून देतो म्हणालेत. माझी शाळा नीट चालू आहे. दुसरीतली मुलं मला अजून बाई म्हणत नाहीत, दीपाताई म्हणतात. हेडमास्तरांना ते आवडत नाही आणि मला मुलांना ओरडायचा धीर होत नाही.

काशीकाकूंच्या हाती तू पाठवलेला थर्मोस्टॅट मिळाला. काकू म्हणाल्या, "एवढासा पितळेचा डबा, आणि पोराने मला मांडीवर घेऊन बसायला लावलं मुंबईपासून!" आबांनी तो त्याच दुपारी बसवला. तुला कळवायला उशीर झाला, रागावू नकोस.

त्याने फरक पडला. आबांनी ज्या साहेबांकडून ही जुनी गाडी घेतली, त्यांच्याकडे ती होती तेव्हाच कुणीतरी मूळचा थर्मोस्टॅट काढून टाकला होता. कोकणातल्या उकाड्यात इंजिनाला गरम करायचं यंत्र कशाला, असं म्हणून. पण आबा मला समजावून सांगत होते की हे इंजिन वाऱ्यावर थंड होतं. थर्मोस्टॅट नसला तर वाऱ्याच्या झडपा कायम उघड्या राहतात, इंजिन लवकर तापत नाही, आणि थंड इंजिन पेट्रोल जास्त पितं. "थंडीतल्या मानसासारखं," म्हणाले, "सारखा चाय मागतो."

त्याआधी त्यांनी इंजिनाच्या झडपांचे टॅपेट जुळवले. कार्बोरेटरचा जेट मोठा होता, पेट्रोल जास्त सोडायचा, तो तू पाठवलेल्या बारक्या जेटने बदलला. मागचं एक चाक ब्रेकला घासत होतं, ते मोकळं केलं. इंजिनाच्या कडेचं रबर कुजून गेलं होतं आणि खालची गरम हवा परत आत शिरत होती. तिथे सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या बसवल्या. पट्ट्या मी कापून दिल्या, आईच्या शिवणाच्या कात्रीने. कात्री बोथट झाली.

अॅव्हरेज मोजायला आबांनी सलाईनची काचेची बाटली आणली होती. टाकीची नळी काढून बाटलीची जोडायची, मोजून पेट्रोल ओतायचं, आणि गाडी बंद पडेपर्यंत जायचं. मी शेजारी बसून बाटली धरायची. गंगारामकाका रोज कुंपणावरून विचारायचे, "महिपत, सलाईन लावलंस, पेशंट कधी घरी सोडणार?" आबा म्हणायचे, "तुजं डोकं तपासून झालं की." दोन वर्षांत आबा हसले ते तेवढेच. भागाकार माझ्याकडे. "तू शिकलेली, तू मांड," म्हणायचे. आपल्या घरात शाळा पुरी करणारी पहिली मी, म्हणून माझ्या उत्तरावर त्यांचा फार विश्वास. लिटरला नऊ किलोमीटरवरून आम्ही बारापर्यंत आलो, मग थोडं वर.

दादा, पत्र इथेच संपवून पोस्टात टाकणार होते. पाकीटही चिकटवलं होतं. ते आज उघडलं. जे लिहायला बसले होते ते लिहिलंच नव्हतं.

आबांना हे अॅव्हरेज कशासाठी हवं होतं ते तुला माहीत आहे, असं मला वाटतं. तू कधी विचारलं नाहीस, नुसते पार्ट पाठवत राहिलास, त्यावरून वाटतं.

आईच्या दिवसकार्याला मामाने सगळ्यांसमोर विचारलं होतं, गाडी भर घाटात बंद कशी पडली. तू पंगतीला पाणी वाढत होतास. आबा लगेच म्हणाले, "गाडीच पिते. अॅव्हरेज गेलंय तिचं." तू तांब्या तिथेच ठेवून मागीलदारी गेलास. दुसऱ्या दिवशी एस.टी.त बसताना तू मला विचारलंस, "दिपे, खटका कसा होता?" मी म्हटलं, गाडी सुटेल, चढ.

आता सांगते. मी मागच्या सीटवर होते, आईचं डोकं माझ्या मांडीवर. डॉक्टरांनी कोल्हापूरला हलवा म्हणून सांगितलं होतं आणि रुग्णवाहिका बाहेर गेलेली होती, म्हणून आपलीच गाडी काढली. या गाडीला पेट्रोलचा काटा नाही. आचके द्यायला लागली की पायाने रिझर्व्हचा खटका फिरवायचा, मग पाच लिटर उरतात. तोवर आचका आला नव्हता, म्हणजे टाकीत भरपूर आहे, या भरवशावर आबा वाटेतल्या एकाही पंपावर थांबले नाहीत. आंबा घाटात, वरच्या वळणांवर, पहिला आचका आला. आबांनी पाय नेला. मग वाकून हाताने चाचपलं. खटका आधीच रिझर्व्हवर होता, म्हणजे टाकी कोरडी. हात तसाच खाली ठेवून बसून राहिले.

त्या वर्षी गणपतीत तू मित्रांना या गाडीतून घेऊन गणपतीपुळ्याला गेला होतास. येताना खटका फिरवावा लागला असेल, मग पेट्रोल भरलंस, आणि तो परत सरळ करायचा राहिला. कुणाच्याही हातून राहिला असता. हे तुला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही. मला तसं लिहिता येत नाही.

मग एक जीप थांबेपर्यंत बराच वेळ गेला. आई मलकापूरच्या अलीकडेच गेली. लवकर पोचलो असतो तर वाचली असती का, हे मी डॉक्टरांना नंतर एकटी जाऊन विचारलं. ते म्हणाले, सांगता येत नाही. मीही तुला तेवढंच सांगते.

तर आबांनी चारचौघांत एक शब्द टाकला होता, आणि तो खरा करून दाखवायला दोन वर्षं गाडीखाली झोपले. गाडीचा दोष निघाला म्हणजे तुझा निघणार नाही. मला हे समजलं होतं. म्हणून मी हौसेने पट्ट्या कापल्या, हौसेने भागाकार केले. उत्तर वाढलं की मला आनंद व्हायचा.

दिवाळीनंतरच्या रविवारी म्हणाले, "चल, घाटात जाऊन येव." आई गेली त्या दिवशी टाकीत किती होतं ते आम्ही उलटं काढलं होतं, घरापासून त्या वळणापर्यंत, जुन्या अॅव्हरेजने. तेवढंच पेट्रोल भरलं. बाकीचं डब्यात, मागच्या सीटवर. खटका रिझर्व्हवर. सगळं तसंच.

ते वळण आलं. मी डोळे मिटले होते. गाडी थांबली नाही. घाट संपला, आंबा गाव गेलं, आणि गाडी मलकापूरच्या पंपावर जाऊन स्वतःच्या पायाने उभी राहिली. पंपावरचा माणूस विचारतो, "किती टाकू?" मी आबांकडे बघितलं. मला वाटलं आता ते खूष होतील. ते समोरच्या काचेकडे बघत म्हणाले, "म्हंजे पोचलो आसतो."

त्या माणसाने परत विचारलं, किती टाकू.

दादा, आम्हा दोघांनाही हे आधी दिसलं नाही. गाडीचा दोष सिद्ध झाला, आणि गाडी कुणाच्या हातातली? येताना घाट उतरताना आईचं नाव घेऊन एवढंच बोलले, "टॅपेट मी बघायचे व्हते. जेट मी बघायचा व्हता. हौसा माज्या आळसानं गेली." तुझ्यावरचं काढून त्यांनी स्वतःच्या डोक्यावर घेतलं, आणि आकडा मी काढून दिलेला.

तेव्हापासून गाडीवर ताडपत्री आहे. आबा दोन घास खातात आणि ताट सरकवतात. डॉक्टर म्हणाले, आजार सापडत नाही, पण असंच चाललं तर होळी बघणार नाहीत. गोळ्या मी देते, त्या उशीखाली सापडतात. मी एकदा धीर करून म्हटलं, "आबा, खटका आधीच रिझर्व्हवर होता. मी पाहिलाय." त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी अजून त्या नजरेला भिते. "सरळ व्हता," म्हणाले. "परत तसं बोललीस तर या घरात बोलू नकोस." आपणच बोललेलं ते आता खरं मानतात. माझं ते ऐकणार नाहीत. तुझं ऐकावं लागेल, कारण खटका तू फिरवला होतास.

तू दोन गणपतींना आला नाहीस. लोक विचारतात, आबा म्हणतात, त्याला सुट्टी नाही. आताही सुट्टी नसेल. तरी ये. माफी मागायला येऊ नकोस, ती ते बोलू देणार नाहीत. नुसतं समोर बसून सांग की खटका माझ्याकडून राहिला. ओरडतील, कदाचित हात उचलतील. उचलू देत. दोन वर्षांत ते कुणावर ओरडलेले नाहीत.

तुला हे सांगून मी तुझ्यावर किती घातलंय ते मला कळतं. आबा आणि तू, दोघांपैकी एकाला हे ओझं वाहायचं आहे, आणि त्यांच्यात आता ताकद नाही. तुझ्यात आहे की नाही, हे मला ठाऊक नाही. तरी तुझ्याकडेच मागते आहे.

पत्राचं उत्तर पाठवू नकोस. तू येण्याऐवजी कागद आला, तर तो आबांना वाचून दाखवायचं बळ नसलेली,

तुझी बहीण
दीपाली