रुसूबाईची शिळा आणि माझा प्रयोग

६ जुलै, रविवार
सुमेधाच्या बहिणीकडची मंडळी आली होती. त्यांना सायखेड्याच्या रस्त्यावरची रुसूबाई बघायची होती. हल्ली तिथे गाड्यांची रांग लागते. जुनी शिळा, तिच्यावर तीन आकृत्या. सुमेधा रंगवून सांगत होती : मधली रुसून निघालेली सून, दोन्ही बाजूंनी नवरा आणि सासू तिला परत आणतायत. नवऱ्याने गजरा वाहून ‘घरी चल’ म्हटलं की रुसलेली बायको येते. मी तिथेच स्पष्ट केलं, हा अडाणीपणा आहे. ही वीरगळ. लढाईत पडलेला वीर, दोन अप्सरा त्याला स्वर्गात नेतायत. सगळे लगेच गाडीकडे वळले. पटलं असणार.

७ जुलै
सुमेधा सकाळीच इगतपुरीला मुलीकडे गेली. स्वरदाला मदत हवी असेल. रुसण्याचा प्रश्नच नाही.
संकल्प : शिळेपाशी सत्याचा फलक लावणे. मागे हटणार नाही.

९ जुलै
फ्लेक्स लावला. ‘ही सून नव्हे. हा पुरुष आहे.’ तिथे गजरे विकणाऱ्या साधनाबाई म्हणाल्या, काका, लय बेस केलं, आता लोक बोर्डासंगं पण फोटो काढत्यात. प्रबोधन सुरू झालं म्हणायचं.

१२ जुलै
शिळेसमोर व्याख्यान दिलं. श्रोते : पावसामुळे ताडपत्रीखाली अडकलेलं एक जोडपं. त्यातल्या मुलीने विचारलं, आणि वीराच्या बायकोचं काय झालं? म्हटलं, इतिहासात तशी नोंद नाही. ती म्हणाली, म्हणजे तिला कोणी विचारलंच नाही. अवांतर प्रश्न.
रात्री वरणाला फोडणी नाही. विसरलो नाही. तेल कमीच खावं.

१५ जुलै
आता शास्त्रीय पद्धत. प्रयोग स्वतःवर करून दंतकथा खोटी पाडायची. गजरा घेतला, वाहिला. ‘सुमेधा, घरी चल’ म्हणताना पहिल्यांदा आवाज बारीक निघाला. हवामान. साधनाबाई म्हणाल्या, काका, असं पुटपुटून नाय चालत, मोठ्यानं म्हणा. मग ओरडलो. डोळ्यांत पाणी आलं ते उदबत्त्यांच्या धुराने. भोवतीच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. कोणीतरी व्हिडिओ काढत होतं. काढू दे, पुरावा होईल.

१६ जुलै
दिवसभर घरीच थांबलो. निरीक्षणासाठी. दोनदा बेल वाजली : कुरिअर आणि शेजारच्या पल्लवीताई, विरजण मागायला. सुमेधा आली नाही.
प्रयोग यशस्वी! दंतकथा सप्रमाण खोटी ठरली. एवढा मोठा विजय कोणाला सांगावा, सुचेना. पल्लवीताईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, जेवलात का?

१७ जुलै
सुमेधाचा फोन. स्वरदाने व्हिडिओ दाखवला म्हणे. म्हणाली, दगडाला हात जोडून सांगितलंत, मला एक फोन नाही केलात. म्हटलं, तो प्रयोग होता. ती म्हणाली, इगतपुरीला गाड्या येतात. म्हटलं, तिकडे पाऊस फार. ती म्हणाली, छत्र्याही मिळतात. फोन ठेवला.
जाणार नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे.

१८ जुलै, इगतपुरी स्टेशन
सहज आलो. गाडीची वेळ तेवढी स्वरदाला कळवली होती. धो धो पाऊस. प्लॅटफॉर्मवर सुमेधा उभी होती. व्याख्यान तयार होतं, पण तोंडातून निघालं ते एवढंच : अडाणीपणा म्हणायला नको होतं. तिने माझ्या हातातली पिशवी तेवढी काढून घेतली. वाटलं, जिंकलो. मग म्हणाली, जेवायला चला. तुमची परतीची गाडी संध्याकाळची आहे. माझं अजून ठरायचंय.