मुहूर्ताचं पहिलं बिल

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

लाल. पुन्हा लाल! सकाळपासून स्क्रीनवर नुसता लाल अक्षरांचा सडा – बिल्ड फेल्युअर.

मेवन नावाचा हा प्राणी. काम काय याचं? मी दुकानाच्या बिलांसाठी लिहिलेला जावाचा कोड घ्यायचा, त्याला लागणारं बाकीचं सामान इंटरनेटवरून आणायचं, सगळं बांधून एक चालता प्रोग्राम माझ्या हातात द्यायचा. बस्स. पण तोरा बघा! काल एक फाईल अर्धी उतरवली आणि मध्येच आमच्या मेन रोडचं नेट गेलं. तर ती फाटकी फाईल उराशी धरून बसलाय. वर सांगतो काय – मागच्या वेळी मिळाली नव्हती, म्हणून आता पुन्हा विचारणार नाही! आमच्या दोंडाईच्याच्या आत्यासारखा. तिलाही एका लग्नात गरम पुरी मिळाली नव्हती, अजून बोलत नाही.

शेवटी त्याचं सगळं कोठारच पुसून टाकलं. मोबाईलच्या नेटवरून नव्याने उतरवलं – आता लागतंय तेवढंच, बाकी नंतर बघू. हिरवं झालं एकदाचं.

माझ्या भावाचा, रिषभचा सल्ला – "रिस्टार्ट करून बघ ना." सुरतेत एसीत बसून एक्सेलचे रकाने रंगवतो, आणि मला शिकवतो! दिवाळीला आलाय. लाडू खा आणि गप बस की.

हे सगळं आमच्या शहाद्याच्या शेती-सामानाच्या दुकानातल्या खटारा कॉम्प्युटरवर करावं लागतंय, कारण माझ्या लॅपटॉपची बॅटरी फुगली. नंदुरबारला दुरुस्तीला दिला तर तो भला माणूस "दिवाळीनंतर" म्हणून गावाला पळाला.


१८ ऑक्टोबर, धनत्रयोदशी

आज वेगळीच तऱ्हा. मेवन म्हणे तुमचा जावा जुना आहे. नवा टाकला होता मी! पण खटाऱ्याला कोणीतरी कधीकाळी जुन्याचा पत्ता सांगून ठेवलाय, तो तिकडेच जातो. पत्ता बदलला. चाललं.

या मशीनचा आतला सेलही मेलाय. लाईट गेली की घड्याळ भलत्याच सालात जातं. पप्पांना कॉम्प्युटरमधलं एकच काम येतं – ते घड्याळ लावणं. रोज दुकान उघडलं की मनगटावरचं घड्याळ बघत तारीख-वेळ ठोकतात, आणि असे मागे रेलून बसतात जणू सगळं मशीन त्यांनीच बनवलं! "पप्पा, सेल बदलून घ्या ना," तर म्हणे – "चालतंय की, बाई." आमच्या घरात मुलीला बाई म्हणतात. लाडाने म्हणतात. गल्ल्यावर बसवत नाहीत ती गोष्ट वेगळी.

गल्ला! सगळी लढाई तिथेच आहे. पुण्याची नोकरी सोडून आले ती ठिबकच्या नळ्या मोजायला नाही. हे दुकान मला चालवायचंय. पाटीवर लिहिलंय 'मदनलाल अँड सन्स'. सन्स! सन एकच, तोही सुरतेला. मुली गल्ल्यावर बसत नाहीत असं इथे कुणी म्हणत नाही, नुसतं सगळे तसं वागतात.

गेल्या आठवड्यात जेवताना पप्पा सगळ्यांसमोर बोलले – "लक्ष्मीपूजनाचं पहिलं बिल हिच्या प्रोग्रामवर मुहूर्तात निघालं, तर लाभपंचमीला दुकान उघडेल तेव्हा गल्ल्यावर ही. नाही निघालं, तर रिषभ परत येईल." रिषभने लगेच मान डोलावली, पापड मोडावा इतक्या सहज!

मुहूर्ताच्या बाबतीत पप्पा म्हणजे दगड. गेल्या वर्षी पहिलं बिल रिषभ काढत होता. साहेब फोनवर बोलत बसले, बिल थोडंसं उशिरा निघालं. पप्पांनी ते फाडलं. "मुहूर्त गेला म्हणजे गेला. लक्ष्मी कुणासाठी थांबत नाही." ग्राहकासमोर! तेव्हा मला फार मजा आली होती.


१९ ऑक्टोबर

बिल्ड सक्सेस. बिल छापलं. अक्षरं स्वच्छ, आकडे बरोबर, कागद सरळ. रिषभ बघायला आला, तोंड वाकडं करून गेला. वा!


२० ऑक्टोबर, सोमवार

काही नाही. करंज्या. मम्मीच्या हाताखाली सारण भरलं. रिषभ गच्चीत आकाशकंदील टांगताना मेवनला हाक मारत होता – "मेवनजी, जेवायला या!" फार विनोदी आहेत आमचे बंधू.


२२ ऑक्टोबर, पाडवा

काल लिहिलं नाही. लिहिण्यासारखी अवस्था नव्हती.

सगळं नीट चाललं होतं. संध्याकाळी वहीपूजनाची तयारी. गल्ल्याच्या गादीवर नवी चादर, वह्यांना कुंकू, आणि यंदा मशीनचीही पूजा – पप्पांनी स्क्रीनवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, वर कीबोर्डवर अक्षता टाकल्या! एक तांदूळ एंटरच्या बटणाखाली गेला, तो अजून तिथेच आहे. बटण दाबलं की कुरकुरतं.

पहिलं बिल दरवर्षी प्रकाशा गावच्या शांतीलालबापूंचं. आजोबांच्या वेळेपासूनचं गिऱ्हाईक. मुहूर्ताला काहीतरी घेतातच, काल फवारणी पंप घेतला. मी बिल काढायला बसले, आणि पप्पा म्हणतात – "बाई, वर 'श्री' कुठे आहे?"

आधी नको का सांगायला! आठवडाभर नमुना समोर पडलाय. पण नाही, ऐन मुहूर्तावर. बरं म्हटलं. कोडमध्ये 'श्री' घातला, मेवन चालवला, हिरवं आलं, कागद बाहेर आला – आणि 'श्री'च्या जागी डोक्यावर टोप्या घातलेले इंग्रजी 'ए' आणि कसलीतरी चिन्हं! रिषभ हसला. मोठ्याने हसला, नालायक, आणि फटाके उडवायला निघून गेला.

चूक कळायला मला क्षण लागला नाही. मेवनला आधी सांगावं लागतं की फाईल कुठल्या पद्धतीने वाचायची. नाही सांगितलं तर हा विंडोजच्या मनाने वाचतो, आणि विंडोजला मराठीचं काय! पोरासोरांची चूक. माझ्या हातून! डोळ्यांत पाणीच आलं. मागे मोरीत गेले, तोंड धुतलं, तिथेच थोडा वेळ उभी राहिले. कुणाला दाखवणार?

परत आले. पप्पा गादी सोडून मशीनजवळ उभे. मुहूर्त साडेआठपर्यंतचा. मी घाबरत कोपऱ्यातली वेळ पाहिली – सव्वासात! म्हटलं, अजून भरपूर वेळ आहे, उगाच रडले.

मेवनच्या सेटिंगमध्ये आणि कोडमध्ये, दोन्हीकडे दुरुस्त केलं, फाईल सेव्ह केली, मेवन चालवला. बिल्ड सक्सेस. छापलं – तेच! टोपीवाले! आधीचं सगळं पुसून नव्याने बांध म्हटलं, तर त्या कामाचं त्याचं अवजार शुक्रवारी मी कोठार पुसलं तेव्हा गेलेलं, पुन्हा उतरवायला हवं. आणि दिवाळीच्या संध्याकाळी नेट? सगळा शहादा फटाक्यांचे व्हिडिओ पाठवतोय. ते सोडलं. सक्सेस म्हणतोय ना, म्हणजे कोड बरोबर, म्हणजे गडबड प्रिंटरची! मग प्रिंटरच्या मागे लागले. फॉन्ट बदला, सेटिंग बदला, कागद काढा, कागद घाला. तेच आणि तेच.

बापू बिचारे बसून. एकदा म्हणाले, "मदनशेठ, मन्हा घड्याळमा तं –"

"बापू, तुमचं घड्याळ पुढे आहे," पप्पा म्हणाले. "चहा घ्या."

बापूंनी पप्पांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "हाव, पुढेच व्हई," म्हणाले आणि आणखी एक चहा घेतला.

शेवटी पप्पाच म्हणाले, "पुरे, बाई." पेन घेतलं, हाताने बिल लिहिलं. वर मोठा 'श्री'. रिषभ आला, कागद पाहिला आणि खूश – "मग मी सुरतेला कळवून टाकतो."

कळव! सगळ्या जगाला कळव!


२३ ऑक्टोबर, भाऊबीज

ओवाळलं. ओवाळताना मनात काय होतं ते लिहीत नाही.

म्हणतो, "एकता, तू पुण्यालाच बरी होतीस." ताटातला पेढा त्याच्या तोंडात कोंबला. बोलणं तरी थांबलं.


२४ ऑक्टोबर

पुण्याच्या जुन्या मैत्रिणीला, मयूरीला, फोन केला. जागा आहे म्हणाली. अर्ज लिहायला बसले, दोन ओळी लिहून उठले. मम्मीने विचारलं, काय करतेस? म्हटलं, काही नाही. खरंच काही नाही.


२५ ऑक्टोबर, शनिवार

दुकान उद्यापर्यंत बंद. दुपारी किल्ली घेऊन गेले. पुण्याला जायच्या आधी मला कळायला हवं होतं. कोड बरोबर, बिल्ड सक्सेस, आणि कागदावर टोपीवाले – कसं शक्य आहे?

मशीन कुणी बंदच केलं नव्हतं, त्या संध्याकाळचा मेवनचा पसारा स्क्रीनवर तसाच होता. या वेळी हिरव्या अक्षरांवर भाळले नाही, वरची बारीक ओळ वाचली. लिहिलंय – बांधण्यासारखं काही नाही, सगळं आधीचंच ताजं आहे.

काही नाही? मी दुरुस्ती केली ती काय हवेत? फाईलींच्या वेळा काढून पाहिल्या. टोपीवाला प्रोग्राम बांधला आठच्या सुमाराला. आणि माझी दुरुस्ती, जी त्याच्यानंतर केली, तिच्यावर वेळ सव्वासातची!

हा दीडशहाणा मेवन नुसत्या वेळा बघतो. फाईल प्रोग्रामपेक्षा जुनी दिसली की हात लावत नाही. याला वाटलं माझी दुरुस्ती आधीचीच. रात्रभर नवं काहीच न बांधता जुनंच पुढे करत होता आणि वर सक्सेस सक्सेस ओरडत होता!

म्हणजे मध्येच घड्याळ मागे गेलं. लाईट गेली नव्हती. गेली असती तर वेळच नव्हे, सालही बदललं असतं. कुणीतरी हाताने केलं. मी मोरीत होते तेव्हा!

घड्याळ नीट केलं. नेटही आज शहाण्यासारखं होतं. सगळं पुसून नव्याने बांधलं, छापलं. 'श्री'. ठसठशीत, स्वच्छ 'श्री'. कागद हातात घेऊन दुकानात एकटीच मोठ्याने रडले.

रिषभ! दुसरं कोण! पप्पांना घड्याळ लावता येतं, पण मुहूर्ताच्या दिवशी पप्पा घड्याळाला हात लावतील? सूर्य मागे जाईल एक वेळ. आणि फायदा कुणाचा? गल्ला कुणाला मिळाला?

रात्रीच्या जेवणाला ताट सरकवून सरळ विचारलं. "मशीनचं घड्याळ तू मागे केलंस ना? मला पाडायला?"

रिषभचा घास हातात राहिला. "वेडी आहेस का? मी रस्त्यावर सुतळी बॉम्ब लावत होतो! आणि मला घड्याळ मागे करायचं सुचलं असतं, तर गेल्या वर्षी स्वतःसाठी नसतं केलं?"

हे खरं होतं. पप्पांनी भाकरी अर्धी ठेवली, हात धुतला आणि गच्चीवर गेले. मम्मी त्यांच्याकडे बघत राहिली.


२६ ऑक्टोबर, लाभपंचमी

सकाळी दुकानाची पूजा भरताना मम्मीने सांगितलं. "तू तोंड धुवायला गेलीस तेव्हा मुहूर्त संपतच आला होता. त्यांनी मनगटावर पाहिलं, मग मशीनचं घड्याळ मागे केलं. मी म्हटलं, अहो, हे काय? तर म्हणाले – थांबेल लक्ष्मी तासभर, बाई रडतेय."

पप्पा आले. मी नवा कागद त्यांच्यापुढे ठेवला. 'श्री'वरून त्यांनी बोट फिरवलं, बराच वेळ. मग खाली बघतच विचारलं, "काई हुयो थो, बाई? काय बिघडलं होतं त्या दिवशी?"

"काही नाही, पप्पा. माझंच चुकलं होतं."

ते गादीवर सरकले. मला जागा झाली.