दार लावून घे

उंद्री, ता. चिखली
३ डिसेंबर २०२४

ती. आईस,
चारूचा सा. न. वि. वि.

मी तिसरीत असताना तू एकदा स्वयंपाकघरातून ओरडली होतीस, "दार लावून घे गं, नाहीतर कुणीही आत येईल." त्या 'कुणीही'ची मला अशी काही भीती बसली, की पुढे संसारात इतर शंभर गोष्टी चुकल्या तरी दार लावायला मी कधी चुकले नाही. गेल्या आठवड्यात त्याच दारानं माझी अब्रू काढली.

बँकेनं भालचंद्रांना इथे पाठवलं आणि रामरावांच्या घराचा अर्धा भाग आम्ही भाड्यानं घेतला, एवढं तुला माहीत आहेच. पहिल्याच सोमवारी दुपारचं जेवण झालं, ओटा पुसला, दाराला आतून कडी घातली आणि मी शिस्तीत आडवी झाले. डोळा लागतो न लागतो तोच दारावर थापा. उघडलं तर समोर रामरावांच्या मनकर्णाबाई, त्यांच्यामागे त्यांची सून वंदना, तिच्या कडेवर छकुली, आणि अंगणाच्या टोकाला, बायकांच्या कामात पडायचं नाही म्हणून पाठ करून उभे रामराव. मनकर्णाबाईंनी आधी माझ्या कपाळाला हात लावला, मग विचारलं, "काऊन वं बाई, दार काऊन लावलं? जीव बरा नाही का?"

झोपले होते, असं मी सांगितलं. त्यावर त्या वंदनाकडे वळून हळहळल्या, की दिवसाची झोपली म्हणजे ताप अंगातच अशीन. पुण्यात आम्ही रोज झोपतो, असं मी समजावलं. तो त्यांना जुना आजार वाटला असावा. कारण संध्याकाळी ज्वारीच्या कण्या आणि कढी आली. भालचंद्रांना येताना रस्त्यात जो भेटला त्यानं बायकोची तब्येत विचारली. ते घाबरून धावत घरी आले, तर मी चिवड्यातले शेंगदाणे वेचून खात होते.

या गल्लीत दिवसा दार लावलेलं असलं तर घरात कुणी आजारी आहे, भांडण झालंय किंवा काहीतरी वाईट घडलंय, असंच धरतात. गावाला जाणारासुद्धा शेजारी सांगून जातो. मला हे कुणी सांगितलं नव्हतं. त्यांना मी अशी असेन हे कुणी सांगितलं नव्हतं.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि व्हिडिओवर तू फक्त कपाळ दाखवतेस, म्हणून लिहिते आहे. कानाचं यंत्र लावतेस का? तिसऱ्या मजल्यावर एकटी आहेस, काळजी वाटते. उत्तर लिही, म्हणजे लोभ आहे असं समजेन.

तुझी,
चारू

पुणे
१२ डिसेंबर

चि. सौ. चारूस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून इतकी हसले की चहा गार झाला. तुमच्या उंद्रीत माणसाला डोळा मिटायचीही चोरी दिसते. दारावर "झोपले आहे, तब्येत उत्तम" अशी पाटी लाव.

माझी काळजी करू नकोस. माझ्या दाराला एक कडी, एक लॅच आणि आतून साखळी आहे. बाहेर लोखंडी जाळी वेगळीच. भालचंद्रांच्या बँकेची तिजोरी एवढी बंद नसेल. समोरच्या फ्लॅटमध्ये अश्विनी म्हणून मुलगी राहते, दिवसभर घरूनच काम करते. आम्ही लिफ्टमध्ये एकमेकींकडे बघून हसतो. शेजार असावा तर असा, उपद्रव नाही.

यंत्र कपाटात सुखरूप आहे. ते लावलं की मला माझंच चावणं ऐकू येतं.

पोळ्या नीट खा. भालचंद्रांना आशीर्वाद आणि तुला जरा जास्त.

तुझी,
आई

उंद्री
२१ डिसेंबर

ती. आईस,
सा. न. वि. वि.

तुझा सल्ला मी मूर्खासारखा ऐकला. खरोखरच पाटी लावली. वंदनानं ती सासूबाईंना वाचून दाखवली, आणि दुसऱ्या दिवसापासून गल्लीतली पोरं माझ्या खिडकीखाली एकमेकांना बोंबलून सांगू लागली, "हळू बोल बे, मॅडम झोपून राह्यल्या!" पाटी काढली. दार उघडं ठेवून, नुसता पडदा ओढून झोपायला लागले.

परवा जाग आली तर पायाशी मनकर्णाबाई बसलेल्या. मांडीवर सूप, सुपात तुरीच्या शेंगा, आणि चालू होतं सोलणं. मला इतकं अवघडल्यासारखं झालं की मी डोळे पुन्हा मिटून घेतले. म्हटलं, कंटाळून जातील. त्या जाईनात. शेंगांचा आवाज थांबला तरी जाईनात. मान अवघडली, नाकावर माशी बसली, तरी मी झोपेचं सोंग सोडलं नाही. शेवटी भालचंद्र आले आणि आमची दोघींची सुटका झाली. तेव्हा कळलं, की उघड्या दाराच्या घरात मी एकटी झोपलेली बघून त्या राखणीला बसल्या होत्या, आणि मी कधी उठते म्हणजे आपल्याला म्हशीकडे जाता येईल, याची वाट बघत होत्या. जाताना दाणे माझ्याच ओट्यावर ठेवून गेल्या.

सेहेचाळीस वर्षांत झोपेत मला कुणी सोबत केल्याचं आठवत नाही. लहानपणी तू करत असशील, पण तेव्हा मी झोपलेली असायचे.

तुझ्या पुढच्या थट्टेची वाट बघत आहे.

चारू

पुणे
४ जानेवारी

चि. सौ. चारूस आशीर्वाद.

अक्षर वाकडं आहे, पण पेन चांगलं आहे. उजवं मनगट बांधलंय, डाव्यानं लिहिते. मोडलेलं नाही, डॉक्टरांनी फोटो काढून पाहिलाय, तेव्हा लगेच रडायला बसू नकोस.

गेल्या शुक्रवारी दुपारी मी बाथरूममध्ये बसले. म्हणजे बसावं लागलं. पाय सरकला, नंतर उठता येईना. फोन स्वयंपाकघरात. मग तांब्या बादलीवर वाजवत बसले. शेजारच्या टीव्हीवरच्या बातम्या भिंतीतून येत होत्या, त्यातलं अक्षर न् अक्षर कळलं. मी बहिरी असल्याचा तुझा आरोप खोटा ठरला. तांब्या मात्र कुणाला ऐकू गेला नाही. ऊन खिडकीतून भिंतीवर आलं, भिंतीवरून निघूनही गेलं.

संध्याकाळी पोळ्यांच्या बेबीताई आल्या. त्यांच्याकडे किल्ली आहे. त्यांनी लॅच उघडलं, पण आतून साखळी. बाहेरून त्या रडताहेत, आतून मी त्यांना शांत राहायला सांगतेय. शेवटी वॉचमननं कटर आणून साखळी कापली. इतकी चांगली साखळी होती, की कापायला त्याला घाम फुटला.

तुझं शेंगांचं पत्र आदल्याच दिवशी आलं होतं. बादलीशी बसून मला सारखी ती माशी आठवत होती.

नवी साखळी बसवून घेतली आहे. आधीच्यापेक्षा जाड. तू धावत येऊ नकोस.

तुझी,
आई

उंद्री
२२ जानेवारी

ती. आईस,
सा. न. वि. वि.

धावत आलेच, आठवडाभर राहिलेही, आणि तुझ्यासमोर बसून जे बोलायचं होतं त्यातलं काहीच धड बोलून झालं नाही. मी तोंड उघडलं की तू बहिरा कान पुढे करायचीस. म्हणून परत आल्यावर लिहिते आहे.

अश्विनीला मी जिन्यात गाठलं. भांडायचं ठरवून गेले होते, वाक्यंही तयार होती. तिनं आवाज ऐकला होता, आई. कुणाकडे तरी नळाचं काम चाललंय असं वाटून तिनं कानावर हेडफोन चढवले. सांगता सांगता ती इतकी रडली, की माझ्या तयार वाक्यांचं काय करायचं ते मला कळेना. शेवटी मीच तिला पाणी दिलं. वाईट नाही गं मुलगी. तिलाही कुणीतरी तिसरीत असताना दार लावून घ्यायला सांगितलं असणार.

इथे आल्यावर मनकर्णाबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी साखळीचं विचारलं नाही, मनगटाचंही आधी विचारलं नाही. "मंग शेजारीण काऊन नाही आली?" एवढंच विचारलं. मी पुण्याची बाजू मांडायला लागले: तिथे सगळे कामात असतात, कुणाच्या घरात डोकावणं बरं दिसत नाही. त्या माझ्याकडे अशा बघत राहिल्या, जशा त्या पहिल्या सोमवारी, कपाळाला हात लावून, बघत होत्या. मग त्यांनी वंदनाला कागद घेऊन बसवलं. त्यांनी सांगितलेलं जसंच्या तसं खाली देते:

"आजीबाईले मनकर्णाचा रामराम. तुमी पडल्या हे आयकून मले घास गेला नाही. तुमची पोरगी बरी हाये, फक्त झोपते लय. तुमी इकडं या. म्हैस हाये, दूध घरचं हाये, बोलाले माणसं हायेत. दार लावाचं नाही, एवढीच अट. अन् लावाचंच अशीन त मले सांगून लावा. माणूस घरात असल्यावर दार लावाचं तरी कायले?"

इथे यायचं मी विचारणार नाही. ते पुण्यात तीनदा विचारून झालं आणि तीनदा तू चहाचं आधण ठेवायला उठलीस. तुझं घर, तुझा गॅस, तुझी खिडकी, सगळं मला समजतं. मीही तुझ्यासारखीच हट्टी आहे, फक्त तुझ्याइतकी टिकत नाही. दोन महिन्यांत या लोकांनी माझी कडी सोडवली.

अश्विनी मात्र दुपारी जेवायला अर्धा तास उठते. एकटीच जेवते, स्क्रीनकडे बघत. तिनं आपणहून विचारलं, की दार उघडं असेल तर ती आपलं ताट घेऊन तुझ्याकडे येऊन बसेल, चालेल का. मी म्हटलं, आईला विचारते. म्हणताना माझं मलाच हसू आलं.

मनगट जपावं, राग माझ्यावर काढावा, पण पत्र थांबवू नये.

तुझी,
चारू

ता. क. 'काहीतरीच काय', असं तू उत्तर लिहिशील, आणि तेही आता उजव्या हातानं, ठसठशीत अक्षरात. तरी विचारते. त्या अर्ध्या तासापुरती साखळी काढशील? दार उघडं ठेव ना आई. कुणीही आत येऊ दे.