न चिरलेला गोळा

२८ जून, शनिवार

मेलंय काहीतरी! सकाळपासून परसात सडका वास. उंदीर असेल म्हणून गोठ्यामागे शोधलं, मुंगूस असेल म्हणून केळीत शोधलं. सापडलं ते भलतंच — पाचोळ्यातून वर आलेला वीतभर पांढरा दांडा, डोक्यावर हिरवट चिकटा, आणि खाली जाळीचा घेर, नवरीच्या ओढणीसारखा. इतकी नटूनथटून आलेली बया, आणि वास मढ्याचा!

कल्पिताला फोटो पाठवला. माझी मामेबहीण, कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. तिचं उत्तर — अळंबीच आहे ही, चिकट्यात तिचं बी. वासाला भुलून माश्या येतात, पाय बरबटून घेतात आणि बी गावभर पोचवतात. म्हणजे आपण नाक धरायचं आणि माश्यांनी जेवायला बसायचं.

सासूबाईंना सांगितलं, तर म्हणाल्या, "मढ्याचा वास घरात येनं बरं न्हाय. सोनलला परसात जाऊ देऊ नको."

सोनल माझी धाकटी जाऊ. सातवा लागलाय.

संध्याकाळी पाहिलं तर नवरी आडवी झालेली.

३० जून, सोमवार

त्याच जागी आज दोन गोळे. अंड्याएवढे, पांढरे, मऊ. एक विळीवर चिरला. आत बुळबुळीत गर, आणि गरात तोच दांडा, अंग दुमडून निजलेला. मी बघतच राहिले.

मागे सासूबाई! "घरात पोटुशी हाय आनि तू गोळा चिरतेस? लोखंड लावतेस?"

आमच्याकडचा नेम — गोळा म्हणजे भुईच्या पोटातलं लेकरू. त्याला लोखंड लावायचं नाही, घरात पोटुशी असली तर मुळीच नाही. खायचे गोळेसुद्धा अख्खेच रांधायचे. ग्रहणात विळी बंद, तसंच. मी म्हटलं, हे ग्रहण काय पावसाळाभर चालायचं? त्या हसल्या नाहीत. जाता जाता म्हणाल्या, "सोताच्या पोटी न्हाय, म्हनून दुसरीचं चिरायचं?"

इतकी वर्षं हे त्या इतरांजवळ बोलल्या असतील. माझ्या तोंडावर आज पहिल्यांदा. फार लागलं.

१ जुलै, मंगळवार

विळी सासूबाईंच्या खाटेखाली गेली. कांदा चिरायचा तरी मागून घ्यायची!

३ जुलै, गुरुवार

सोनलला घेऊन हळूहळू माळावर गेले. गेल्या पावसातले वाळके गोळे अजून आहेत, तपकिरी, कागदासारखे. तिने पायाने एक दाबला — फुस्स! धूरच धूर. हसता हसता पोट धरून खाली बसली. कल्पिता म्हणते, त्या धुरात कोट्यवधी बिया, आणि त्या उडवायला पावसाचा टपोरा थेंबही पुरतो. झाडाखाली एक चांदणीसारखा होता — वरची साल फाटून पाकळ्या पसरलेल्या, मधोमध इवला गोळा. सासूबाई ही भुकटी कापल्या जागी दाबतात, रक्त थांबतं. त्यांचं एवढं एक कल्पितालाही पटलं.

पण तिने एक बजावून ठेवलंय. कोवळेपणी तीन प्रकारचे गोळे बाहेरून सारखेच. एक जन्मभर गोळाच राहतो, आतून पनीरसारखा एकजात पांढरा — तो खायचा. दुसऱ्यातून वासाची नवरी निघते. तिसऱ्यात छत्री मिटलेली असते, चिरल्यावर तिची रेघ दिसते. "त्या छत्रीने माणसं मरतात. प्रत्येक गोळा मधोमध चिरायचा, किशोरी. प्रत्येक!"

परतताना सोनलने माझा हात पोटावर ठेवला. बाळाने अशी लाथ मारली! या घरातलं पहिलं मूल. तिचं, आणि थोडं माझंही. मी वेडीच झालेय.

८ जुलै, मंगळवार

सोनलला गोळ्यांचे डोहाळे. प्रज्योतने, तिच्या नवऱ्याने, टोपलीभर आणले — थोडे माळावरचे, बरेचसे डोंगरावरच्या आकेशियाच्या झाडांखालचे. टोपली ओट्यावर ठेवली आणि ट्रक घेऊन गेलाही.

मी म्हटलं, चिरून बघूया. सासूबाईंनी नुसतं पाहिलं. ते वाक्य पुन्हा येणार, आणि आता सोनलसमोर! मी तोंड मिटलं. पण दोन गोळे ओच्यात टाकून न्हाणीमागे गेले आणि ब्लेडने एक चिरला. पांढराशुभ्र, पनीरच! जीव भांड्यात पडला. शितावरून भाताची परीक्षा. तेवढ्यात सासूबाईंची हाक, म्हणून दुसरा तिथल्याच ओल्या करवंटीत टाकला आणि पळाले.

अख्खे गोळे, खोबऱ्याचं वाटण, वर कोकम. सोनलने तीनदा वाढून घेतलं. सासूबाईंनी चवीपुरते खाल्ले. माझा मंगळवार, आणि गोळे आमच्याकडे मटणातच जमा. मी डाळभात.

९ जुलै, बुधवार

पहाटेपासून दोघींना उलट्या आणि जुलाब. थांबेचनात. शेजाऱ्यांच्या रिक्षाने म्हसळ्याला नेलं. सलाईन. डॉक्टरांना गोळ्यांचं सांगितलं. म्हणाले, पोट बिघडलंय, पावसाळ्यात होतंच.

सासूबाईंनी पडल्या पडल्या माझ्याकडे बोट केलं. "हिनं लोखंड लावलं! आनि सोता जेवली न्हाय." खोलीतल्या बाया माझ्याकडे बघायला लागल्या.

कल्पिताचा फोन लागत नाही. सोनलचा हात गार आहे.

१० जुलै, गुरुवार

बऱ्या झाल्या! दोघी! दुपारी घरी आणलं. सोनलने वेणी घालून घेतली, सासूबाईंनी तिच्यावरून नारळ ओवाळून टाकला. मी न्हाणीत जाऊन रडले. आता कोणी काही म्हणो.

संध्याकाळी कल्पिताचा फोन आला. सगळं सांगितलं. तिने एकच विचारलं, "खाल्ल्याबरोबर सुरू झालं, की उशिरा?" म्हटलं, रात्री जेवल्या, पहाटे सुरू झालं. ती भरभर बोलायला लागली. छत्रीचं विष उशिरा चढतं. मग मधे माणूस बरा वाटतो, खातो, हसतो, आणि आत लिव्हर सडत असतं. "मुंबईला न्या. आत्ताच्या आत्ता!"

प्रज्योत परत आला होता. म्हणाला, "वहिनी, बरी झाली ना ती? पुन्हा दवाखाना कशाला? तूच म्हणतेस, चिरून बघितला, पांढरा होता."

होता पांढरा. या डोळ्यांनी पाहिला. सासूबाई म्हणाल्या, "पोरीला हलवू नका." हे सगळे एकीकडे आणि फोनवरची कल्पिता एकीकडे. मी भांडले, पण पुरेशी भांडले नाही. उद्या सकाळी पुन्हा विषय काढते.

११ जुलै, शुक्रवार

न्हाणीमागे गेले. करवंटीतला गोळा फाटलाय. आतून पांढरी छत्री उघडलीय, पुरती.

प्रज्योतला नुसती दाखवली. तो गाडीसाठी धावला.

सोनल ओट्यावर पेज पीत बसलीय. म्हणते, "ताई, आज भूक लागलीय गो!"