पवित्र कुटुंबाची रंगीत तालीम

३० नोव्हेंबर, रविवार
आगमनकाळ सुरू, नाताळच्या तयारीचे चार रविवार. चर्चमध्ये पहिली मेणबत्ती पेटली. संकल्प: नाताळ संपेपर्यंत आवाज चढवायचा नाही. घरात नाही, गाडीत नाही, कुठेच नाही. मुळात मी शांतच आहे. लोक ऐकत नाहीत, म्हणून मोठ्याने बोलावं लागतं.

दुसरा संकल्प खाजगी. नाताळनंतरच्या रविवारी पवित्र कुटुंबाचा, म्हणजे येशू, मरिया आणि योसेफ यांचा सण. त्या दिवशीच्या मिस्साला, चर्चमधल्या उपासनेला, फादर एक कुटुंब निवडतात. ते कुटुंब भाकर आणि द्राक्षारस घेऊन मधल्या वाटेने वेदीपर्यंत चालत जातं आणि अख्खं चर्च बघत राहतं. आमचा नंबर अजून एकदाही लागलेला नाही. एवढ्या वर्षांचा संसार, दोन मुलं, चौघंही दर रविवारी वेळेवर हजर (मी खालून हॉर्न वाजवतो म्हणून). यंदा फादरांना दुसरं कुटुंब सुचताच कामा नये.

१ डिसेंबर, सकाळ
ड्रायव्हिंग स्कूलला नवीन शिकाऊ बाई. दाताची डॉक्टर. वळणावर तिने गाडी थेट दुधाच्या व्हॅनवर घातली. मी आवाज चढवला नाही. माझ्या बाजूचा ब्रेक दाबला आणि अगदी हळू विचारलं की दात उपटतानाही डोळे मिटता का. बाई दार उघडून चालत घरी गेली. संकल्प शाबूत.

४ डिसेंबर
घरात मीटिंग घेतली. रोज जेवणानंतर पॅसेजमध्ये चालण्याची प्रॅक्टिस. बायकोने विचारलं की फादरांनी आपल्याला सांगितलंय का. म्हटलं, सांगतील. ती काहीतरी बोलणार होती, पण दूध उतू गेलं.

५ डिसेंबर
पहिली प्रॅक्टिस. पुढे मी, मागे मुलगा ब्रेडची ताटली घेऊन, मग मुलगी पाण्याची बाटली घेऊन, शेवटी बायको. मुलगा दोनदा माझ्या पाठीवर आदळला. त्याला सुरक्षित अंतर समजावून सांगितलं. मुलगी कॉलेजात गेल्यापासून प्रश्न फार विचारते. म्हणाली, सगळ्यांच्या हातात काही ना काही आहे, बाबा रिकाम्या हाताने पुढे कशाला? म्हटलं, कोणीतरी नेतृत्व करायला नको? त्यानंतर बाटली माझ्या बुटात सांडली. चुकून सांडली, असं तिचं म्हणणं.

८ डिसेंबर
निष्कलंक मातेचा, मरियेचा सण. सगळ्यांना पहिल्या बाकावर बसवलं, फादरांच्या डोळ्यांसमोर. प्रवचन चालू असताना लक्षात आलं की उंचीप्रमाणे बसलो तर जास्त चांगलं दिसेल. जागा बदलून घेतल्या. फादर मध्येच थांबून आमच्याकडे बघत राहिले. छाप पडली.

१४ डिसेंबर
गुलाबी मेणबत्तीचा रविवार. आनंदाचा रविवार, म्हणून आज प्रॅक्टिस हसण्याची. मुलाचं हसू पासपोर्टच्या फोटोसारखं. बायको हसलीच नाही. मुलगी म्हणाली की ती नाताळ मैत्रिणीच्या घरी करणार. मी आवाज चढवला नाही, पण एकेक शब्द सुटा सुटा बोललो. तिने दार आपटलं. घरात आज जो आवाज झाला तो दाराचा, माझा नाही.

कानावर आलं की चष्म्याचं दुकान चालवणारा तरुण फादरांच्या ऑफिसात जाऊन आला. लग्न होऊन दोन वर्षं, पदरात तान्हं बाळ. या लोकांना अजून धड भांडायलाही वेळ मिळालेला नाही. यांचं कुटुंब पवित्र राहिलं, यात यांचं काय कौतुक?

१७ डिसेंबर
घरात विलक्षण शांतता. जेवताना कोणी अवाक्षर काढत नाही. मीठसुद्धा मागून घेत नाहीत, उठून आणतात. येशूच्या नाझरेथमधल्या घरात असंच असणार. माझ्या मेहनतीला फळ येतंय.

२० डिसेंबर
नाताळचं पापनिवेदन. नीट तयारी करून गेलो. मुलीचा उर्मटपणा, मुलाचा आळस, बायकोचा असहकार, चष्मेवाल्याची घाई, सगळं क्रमाने सांगितलं. फादर म्हणाले की ही सगळी त्यांची पापं झाली, तुमची? आठवायला थोडा वेळ मागितला. मागे रांग होती, म्हणून शेवटी ‘किंचित अधीरता’ सांगून सुटलो. प्रायश्चित्त: घरात प्रत्येकाची माफी मागायची.

नंतर व्हरांड्यात फादरांना गाठलं आणि सरळच विचारलं. ते चकित झाले. म्हणाले, चष्मेवाल्यांचं ठरलंय, पण दरवर्षी पहिला फोन तुमच्याच घरी करतो, आणि दरवर्षी तुमच्या मिसेस नाही म्हणतात. मी हसलो. मग माझ्या लक्षात आलं की ते हसत नव्हते.

त्याच दिवशी, संध्याकाळ
बायको इस्त्री करत होती. विचारलं. म्हणाली, हो, मीच नाही म्हणते. कारण विचारलं. म्हणाली की फादरांनी न सांगता तुम्ही पंधरा दिवस पॅसेजमध्ये आमची परेड काढली, सांगितलं असतं तर काय केलं असतं? मग इस्त्री उभी करून म्हणाली की लोक बघत असले की तुम्ही आमच्याबरोबर नसता, तुम्ही आम्हाला तपासत असता.

वाईट वाटलं. खूप वाईट वाटलं. हे वाक्य खोडणार होतो. राहू दे.

२१ डिसेंबर
मुलाची माफी मागितली. तो म्हणाला, ठीक आहे, पण कशाबद्दल? मुलीला मेसेज केला. दुपारी उत्तर आलं की ती नाताळला घरीच आहे. बायकोला माफ कर म्हणालो. तिने माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

२५ डिसेंबर
मिस्साला चौघं. कोणी कुठे बसायचं हे मी सांगितलं नाही. इतकं कठीण गेलं की दात आवळून बसलो होतो. बायकोने विचारलं की दाढ दुखते का. दाताच्या डॉक्टरकडे जायची सोय मी ठेवलेली नाही.

२८ डिसेंबर, पवित्र कुटुंबाचा सण
हॉर्न वाजवला नाही. परिणामी उशीर. सगळ्यात मागे, दाराजवळ उभे राहिलो. शेजारीच चष्मेवाला, त्याची बायको आणि आई, अर्पणाच्या वस्तू घेऊन निघायच्या तयारीत. ऐन वेळी चष्मेवाल्याच्या खांद्यावरच्या बाळाने टाहो फोडला. तिघांचेही हात भरलेले. चष्मेवाल्याने इकडेतिकडे बघितलं, ताटली आईकडे दिली, बाळ माझ्या हातात कोंबलं आणि तिघं निघून गेले.

बाळ आणखी जोरात रडायला लागलं. मला काही सुचेना. मुलाने तोंडं वेडीवाकडी करायला सुरुवात केली. मुलीने माझ्या खिशातून किल्ल्या काढून बाळासमोर वाजवल्या. बाळ माझ्या कोटावर दूध ओकलं. बायकोने पदराने खांदा पुसला आणि तिला हसू आवरेना. कोणाला काहीही सांगावं लागलं नाही. बाळ हुंदके देत थांबलं आणि त्याने माझा टाय घट्ट धरला. आम्ही चौघं त्याच्यावर वाकून उभे होतो, डोक्याला डोकं लावून.

एवढं सुंदर आम्ही याआधी कधीच दिसलो नसू. आणि अख्ख्या चर्चची पाठ आमच्याकडे होती.