ड्रायव्हर मी कापला होता

मी, खाली सही करणारा, वय वर्षे चौऱ्याहत्तर, एकेचाळीस वर्षे गोल्फ शिकवण्याचा धंदा केलेला, राहणार सराव-मैदानाच्या कुंपणामागचं शेवटचं घर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. डॉक्टरीणबाईंचा तसा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. ज्यांनी आणून पाहिला त्यांना मी दारातूनच घालवलं. रागात लिहिलेलं मृत्युपत्र चालतं का, असं वकीलबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "राग चालेल, शिव्या नकोत." शिव्या काढल्या आहेत. राग आहे तसाच आहे.

१. राहतं घर माझ्या पत्नीचं, तिच्या हयातीपर्यंत. तिच्यानंतर आमच्या एकुलत्या मुलीचं. माझ्या पश्चात पत्नीने स्वयंपाकघराच्या खिडकीवरची लोखंडी जाळी काढून टाकावी. चेंडू येतात म्हणून मी ती बसवली. "अहो, ओट्यावर उजेड येत नाही," असं ती तीस वर्षं सांगत आली आणि मी ऐकलं नाही. न ऐकणं ही माझी जुनी खोड आहे, तिचा उल्लेख पुढे येईलच.

२. बँकेत जे काही असेल ते पत्नीचं. त्यात कोणी नाक खुपसू नये.

३. उभा आरसा, दोन चटया आणि चेंडूंच्या बादल्या मैदानावरच्या नव्या शिक्षिकेला द्याव्यात. ही बाई शिकणाऱ्याचा फटका फोनवर टिपते आणि हळू करून त्यालाच दाखवते. मला त्याचा संताप येतो. पण माणसाला हात लावण्याआधी ती त्याची काठी हातात घेऊन, वाकवून बघते, हे मी कुंपणातून पाहिलं आहे. मला हे कोणी शिकवलं नव्हतं, असं लिहिणार होतो. ते खोटं ठरेल. एकाने सांगितलं होतं, त्याला मी हाकलून दिलं.

४. माझी जाड वही जाळावी. ड्रायव्हर म्हणजे पहिला लांब फटका मारायची सगळ्यात लांब काठी, आणि वुड तिची धाकटी बहीण. या दोन काठ्यांनी मारलेला चेंडू वाकडा का जातो, यावर मी त्या वहीत तीनशे पानं भरली आहेत. मूठ आवळली, खांदा आधी सुटला, कोपर उडालं, कंबर अडकली. तीनशे पानांत सगळे दोष माणसाचे. काठीचा एकही नाही. अशी वही कोणाच्या हाती पडू नये.

५. काठी घट्ट आवळून धरायचा शेगडा, पकड, करवत, कानशी आणि दुरुस्तीच्या खोलीची किल्ली माझ्या धाकट्या भावाला द्यावी. तो काठ्या दुरुस्त करायचा, मी माणसं दुरुस्त करायचो. बावीस वर्षांत आम्ही एकमेकांशी बोललेलो नाही. तो तीन गल्ल्यांपलीकडे राहतो. रस्त्यात दिसला की मी चपलेकडे बघतो.

कारण लिहून ठेवतो. मुलगी तेरा वर्षांची असताना मी माझा स्वतःचा ड्रायव्हर तिच्यासाठी आखूड केला. काठी नेहमी मुठीकडून कापतात, हे या धंद्यातला नवशिकाही जाणतो. पण त्या मुठीवर मोठा चषक जिंकलो त्या सकाळी मी स्वतः चामडं गुंडाळलेलं होतं. ते उकलायला माझा जीव होईना. म्हणून मी काठीचं डोकं, म्हणजे चेंडूला लागतो तो खालचा ठोकळा, काढलं आणि खालून, काठी जिथे लवते तिथून, चार इंच कापले. डोक्याचं भोक कानशीने मोठं केलं, ते परत चिकटवलं, पॉलिश केलं आणि विसरून गेलो. काठीची पहार झाली होती. तेरा वर्षांच्या मनगटाने ती काय लवणार?

वुड दुकानातून तयार आणलेलं. त्याने पोरगी चेंडू दोरीसारखा सरळ मारायची. ड्रायव्हर घेतला की चेंडू उजवीकडे झाडांत. तीन वर्षं मी तिला दुरुस्त केलं. काखेत पंचा धरायला लावला. शाळेआधी रोज शंभर चेंडू. हाताला फोड आले तर म्हणालो, मूठ चुकते आहे म्हणून येतात. भाऊ एकदा म्हणाला, "दादा, वुड सरळ जातं आणि ड्रायव्हर वाकडा, मग दोष पोरीत कसा असेल? जरा काठी बघू दे मला." मी म्हणालो, "तू डिंक लाव, शिकवायचं मी बघतो." त्याने दुसऱ्यांदा विषय काढला तेव्हा त्याचा डबा आणि छत्री बाहेर ठेवली.

६. मोठा चषक इथल्या गोल्फ संस्थेला हवा आहे. तिचे सचिवसाहेब फळं घेऊन दोनदा येऊन गेले. "आपल्या संस्थेची शान आहे हो ती," म्हणाले. माझा ताप विचारायचा राहिला. चषक त्यांना मिळेल, पण एका अटीवर.

मुलगी सोळाची असताना निवड स्पर्धेत पहिल्याच टीवर, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागेवर, सगळ्या सभासदांसमोर, तिचे तीन चेंडू झाडांत गेले. मी दोरी ओलांडून आत गेलो आणि ओरडलो, "खांदा! खांदा! मूर्ख आहेस का?" सचिवसाहेब तेव्हा साधे सभासद होते, हसण्यात पहिले. तिने काठी गवतावर ठेवली. "बाबा, आता तुम्हीच मारा," म्हणाली आणि चालत घरी गेली. त्यानंतर तिने काठीला हात लावला नाही. आता अडतीसची आहे, पूल बांधणाऱ्यांच्या कचेरीत नकाशे तपासते. दर रविवारी येते, माझ्या गोळ्या मोजून ठेवते. टीव्हीवर गोल्फ लागलं की उठून आत जाते.

गेल्या वर्षी त्या ड्रायव्हरचं डोकं आपोआप निखळलं. आत माझ्या करवतीचा काप दिसला. तिला सांगायचं म्हणून तीन रविवार तोंड उघडलं आणि तिन्ही वेळा चहा गार आहे म्हणून तिच्यावरच ओरडलो. या माणसाचं काय करायचं ते मला कळत नाही. चीड येते नुसती.

तर अट अशी: सचिवसाहेबांनी त्याच टीवर, सभासद गोळा करून, पुढचं मोठ्याने वाचावं. "दोष काठीत होता. काठी तिच्या बापाने चुकीची कापली होती. मुलगी पहिल्या दिवसापासून बरोबर मारत होती." वाचताना खोकू नये, हसू तर नयेच. ती हजर नसली तरी वाचावं. न वाचल्यास चषक भंगारात द्यावा.

७. ड्रायव्हर मुलीचा. भावाने त्याला तिच्या उंचीची, लवणारी नवी काठी बसवावी. चामड्याची मूठ माझ्याबरोबर जाळावी. भावाने माझ्यावरचा राग सोडावा अशी माझी मागणी नाही, त्याचा राग रास्त आहे. मुलीने ड्रायव्हर वापरावा, माळ्यावर टाकावा, नाहीतर त्या काठीने कपडे वाळत घालावेत. पण कधी तिला वाटलं आणि ती टीवर उभी राहिली, तर तिच्या मागे उभं राहून कोणी एक अक्षर बोलू नये. या खेपेला मीही बोलणार नाही.

वरील मजकूर मी वाचला, पत्नीला वाचून दाखवला. ती म्हणाली, "रविवारी ती येईल तेव्हा तोंडानेच सांगा की." बघतो.

सही वाकडी आली आहे. पेन चांगलं आहे, दोष हाताचा.

(सही) गोल्फ शिक्षक, निवृत्त

आमच्या समोर सही केली, तेव्हा ते शुद्धीवर होते आणि चिडलेले होते:
साक्षीदार १. (सही) मैदानाचे मुख्य माळी
साक्षीदार २. (सही) कोपऱ्यावरच्या दवाखान्याच्या डॉक्टरीणबाई

ठिकाण: राहतं घर, जाळीच्या खिडकीजवळ
दिनांक: १४ मार्च, शनिवार